संत्र्याची जुनी झाडं तोडायची का? फळाशिवाय या झाडाचा अजून काय काय उपयोग होतो?

मोर्शीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी मूळचा मोर्शी तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात. गावाकडे अडीच एकर संत्र्याचा बगीचा आहे, आजोबांनी लावलेला, झाडं आता २६ वर्षांची झाली. लावली तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास होती, आता १९० उरलीत. यंदा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचं पीक) चांगला लागला होता पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात इतकी फळगळ झाली की बाबा सकाळी बगीच्यात जायचेच बंद झाले, जे उरलं ते बारीक, आणि ज्या व्यापाऱ्यानं इसार दिला होता तो आता म्हणतो भाव कमी करा नाहीतर माल तोडत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले झाडं काढून टाकू, तूर-कपाशी लावू. आई काहीच बोलली नाही, ताट उचलून आत गेली. तिचं लग्न झालं तेव्हा ही झाडं गुडघ्याएवढी होती, विहिरीवरून घागरीनं पाणी घालून जगवलीत तिनं, हे मला आजीनं सांगितलेलं.

तर माझा प्रश्न असा की फळ विकणं सोडून या झाडाचं अजून काय काय होऊ शकतं? साल, फुलं, पानं, लाकूड, बिया, काहीही. एका व्हिडिओत पाहिलं की सालीची पावडर ८०० रुपये किलोनं जाते. फुलांपासून अत्तर निघतं असंही वाचलं. हे खरंच घरच्या पातळीवर जमण्यासारखं आहे का? बाबांसमोर काहीतरी ठोस घेऊन बसायचंय मला. आणि हो, ३०-४० झाडांना खोडातून डिंक येतोय, तेही सांगून ठेवतो.

कास्तकार_काटोल

भाऊ, घाईत कुऱ्हाड नोका लावू. आधी डिंकाचं पाहा, बाकी सारं मग. तुमच्या प्रश्नात सर्वात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहून रायले.

डिंक्या म्हणजे फायटोप्थोरा बुरशी, मुळातून नाहीतर खोडाजवळच्या ओल्या मातीतून चढते. आपली बहुतेक कलमं जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली असतात, आणि जुन्या लोकांनी लावताना कलमाचा जोड मातीत गाडला असंन किंवा वर्षानुवर्षं माती ओढून ओढून तो झाकला गेला असंन तर तिथूनच रोग शिरते. जोड जमिनीपासून वीतभर तरी वर दिसला पाहिजे. एक दिवस गावाला जा, खुरपं घ्या आणि चारसहा झाडांच्या बुडाची माती हाताने बाजूला करून पाहा. डिंक खोडाच्या एकाच बाजूने असंन तर ते झाड वाचते. पूर्ण गोलाकार साल सडली असंन, पानं पिवळी पडून टोकाकडून फांद्या वाळून रायल्या असतीन तर ते झाड काढलेलंच बरं, बाजूच्यालेही लागते.

वाचण्यासारख्या झाडाची सडलेली साल धारदार चाकूनं खरवडायची, एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायची आणि बोर्डोमलम लावायचं. मलम म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. जमिनीपासून तीन फुटापर्यंत सगळ्या झाडांना, फक्त आजारी झाडाले नाही. वर्षातून दोन वेळा, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर, म्हणजे तुमची आता वेळ आहेच. आणि पाणी सरळ खोडाले लागू देऊ नका, डबल रिंग करा, आतल्या गोलात खोड कोरडं राहते आणि बाहेरच्या गोलात पाणी.

माल निघाला की वाळलेली सल आणि पाणसोट (नुसत्या सरळ वाढणाऱ्या, फळ न देणाऱ्या फांद्या) काढा, मग डिसेंबर-जानेवारीत ताण, म्हणजे पाणी तोडायचं. जुनं झाड आहे, जमीन भारी असंन तर ताण बसायले वेळ लागते, पावसाळी पाणी साचत असंन तर दोन ओळींमधून चर काढा. हे सगळं करून एक बहार पाहा. मग तोडायचं का ठरवा. २६ वर्षं म्हणजे म्हातारं झाड आहे हे खरं, पण माझ्याकडं तीस पार केलेली झाडं आहेत आणि फळ देऊन रायली.

फूडटेक_अमरावती

मी फळप्रक्रियेतच काम करतो म्हणून सालीच्या पावडरचा हिशोब मांडतो, कारण असे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी ड्रायर घेऊन ठेवलेत आणि ते पडून आहेत, मला वाईट वाटतं.

संत्र्याच्या वजनात साल साधारण पाव हिस्सा धरा. ओल्या सालीत तीनचतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. म्हणजे ५ किलो ओली साल वाळवली की हातात १ किलोच्या आसपास पावडर येते. आणि ५ किलो सालीसाठी २० किलो संत्री सोलावी लागतात. आता प्रश्न हा की त्या सोललेल्या १५ किलो फोडींचं काय करणार? म्हणून सालीचा धंदा तिथेच चालतो जिथे रस आधीच निघतोय आणि साल फुकट पडलीये. नुसत्या सालीसाठी संत्रं सोलणं परवडत नाही. व्हिडिओतला ८०० चा आकडा हा किरकोळ पाकिटाचा भाव असणार, त्यातून पॅकिंग, अन्न परवाना, कुरियर सगळं वजा करा.

मग रसच काढू म्हणाल तर आपल्या नागपुरी संत्र्याची एक अडचण आहे जी ग्राहकाला माहीत नसते. तुम्ही अनुभवलं असेल, घरी मिक्सरमधून काढलेला रस लगेच प्यायला तर अमृत आणि फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी प्यायला तर कडू. ही कडवटपणाची चव फळात आधीपासून नसते. फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांमध्ये एक बिनचवीचा पदार्थ असतो, पेशी फुटल्या की रसातल्या आम्लाशी गाठ पडून काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि ते जिभेला अगदी थोडं असलं तरी कडू लागतं. रस तापवला की हे अजून लवकर होतं. म्हणून आपलं संत्रं हे मुळात हाताने सोलून खायचं फळ आहे, साल सैल, फोडी सुट्ट्या, आणि ती त्याची श्रीमंतीच आहे, पण बाटलीत भरायला ते नखरे करतं. घरी स्क्वॅश करायचा असेल तर बिया आणि पापुद्रा काढून, जोर न देता हलक्या हाताने रस काढा, मिक्सर फिरवू नका. कमी बियांच्या जातींवर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत काम झालंय, नवीन लावायची वेळ आली तर तिथे एकदा जाऊन याच.

सालीत खरी किंमत आहे ती तेलाची. बाहेरच्या नारिंगी भागात ज्या बारीक पिशव्या दिसतात त्यात हे तेल असतं, बहुतांश लिमोनीन (वरचं कडू लिमोनिन वेगळं, हे सुगंधी). लहानपणी साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवायचो ना, तेच. स्टिकरचा चिकट गोंद काढायला हे तेल भारी, थर्मोकोलवर टाकलं तर ते विरघळतं. साबण, क्लीनर, खाद्य सुगंध यात जातं. आतल्या पांढऱ्या भागातून पेक्टिन मिळतं, जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. राहिलेला चोथा वाळवून गुरांना घालतात. म्हणजे झाडाचं फळ शंभर टक्के वापरता येतं यात शंका नाही, पण ते कारखान्याच्या पातळीवर. एकटा १९० झाडांचा शेतकरी ते करू शकत नाही, दहावीस जण मिळून शेतकरी कंपनी केली तर विचार करता येईल.

धंतोलीची_माई

फूडटेकभाऊंचं गणित बरोबर असेल पण घरासाठी म्हणून साल फेकू नकोस रे बाळा. आमच्या घरी नोव्हेंबरपासून होळीपर्यंत संत्री येतच असतात, आंबिया संपला की मृगाची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, आणि एक साल कचऱ्यात जात नाही.

साल धुऊन सावलीत वाळवते, कडकडीत झाली की मिक्सरला फिरवून डब्यात. मसुराचं पीठ, आंबेहळद आणि ही पावडर, दिवाळीचं उटणं याचंच. ताजी साल मात्र तोंडाला घासून लगेच उन्हात जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होते काहींची. चहात नखाएवढा वाळका तुकडा टाकायचा, उकळी आल्यावर, आधी टाकला तर कडू होतो. सासूबाई संध्याकाळी निखाऱ्यावर वाळकी साल घालायच्या, डास कमी होतात म्हणायच्या, डासांचं मला माहीत नाही पण घरभर वास जो काय पसरायचा तो अजून आठवतो.

साखरेतली साल करायची असेल तर लांब काप करून तीन वेळा पाणी बदलून उकळायची, दर वेळी पाणी फेकायचं, म्हणजे कडूपणा जातो. मग एकतारी पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत, आणि जाळीवर दोन दिवस वाळवायची. मुलं गोळ्या-चॉकलेट विसरतात. हेच तिखटमीठ, गूळ आणि मेथीची फोडणी देऊन लोणचं पण होतं, भाकरीबरोबर काय लागतं म्हणून सांगू.

फरशी पुसायला एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात तीन महिने. काचेचं भांडं नको आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, माझ्या नणंदेचा डबा फुटला होता.

बर्फीबद्दल पण सांगते. संत्रा बर्फी घरी करतेस का विचारतात सगळे. फोडी सोलून फक्त आतला गर घ्यायचा, आधी साखरेबरोबर आटवून घट्ट करायचा आणि मगच खव्यात घालायचा. कच्चा गर थेट खव्यात गेला की खवा फाटतो.

एकच विनंती, बाजारची फळं असतील तर साल मिठाच्या कोमट पाण्यात चोळून चोळून धुवा, वरून फवारे आणि मेण असतं. तुझ्या घरच्या झाडाची साल असेल तर त्याहून चांगलं काय. आणि आईला विचारलंस का तिला काय वाटतं ते?

सेव्हियाहून

मी स्पेनमधल्या सेव्हिया शहरात राहते, माहेर परतवाड्याचं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं आहेत, हजारोंनी, आणि पहिल्या वर्षी मी आनंदाने एक तोडून तोंडात घातलं आणि डोळ्यांत पाणी आलं इतकं कडू. हे कडू नारिंग, आपल्या संत्र्याचं चुलत भावंड. अरबांनी आणलेलं इथे. फळ कोणी तसं खात नाही, पण याचं मार्मालेड होतं, इंग्लंडमध्ये नाश्त्याला जे लावतात ते याच कडू फळाचं, सालीसकट. बिया आणि पांढरा भाग फडक्यात बांधून उकळताना त्यात सोडतात म्हणजे पेक्टिन उतरतं आणि ते आपोआप जमतं. रस्त्यावर पडून चिखल होणाऱ्या फळांचं काय करायचं म्हणून २०२१ मध्ये इथल्या पाणीपुरवठा कंपनीने त्यांच्या रसापासून मिथेन आणि त्यातून वीज करून बघायचा प्रयोग सुरू केला होता.

तू फुलांच्या अत्तराचं विचारलंस. ते नेरोली, आणि ते या कडू नारिंगाच्या फुलांचं असतं, आपल्या नागपुरी संत्र्याचं नाही. इटलीतल्या नेरोला गावच्या राजकन्येवरून नाव पडलं, ती हातमोज्यांना लावायची म्हणे. साधारण टनभर फुलांतून किलोभर तेल निघतं. म्हणजे तुझ्या १९० झाडांची फुलं तोडलीस तर तेल अगदी थोडं मिळेल आणि फळ एकही लागणार नाही. त्या वाटेला जाऊ नकोस. पानं आणि कोवळ्या काड्यांचं पण वेगळं तेल काढतात, पेतिग्रँ म्हणतात, तेही मुख्यतः कडू नारिंगाचंच.

त्यापेक्षा चीनमधली गोष्ट आपल्याला जवळची आहे. आपलं संत्रं मँडरिन, आणि ते लोक मँडरिनचीच साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात, जितकी जुनी तितकी महाग, सूपमध्ये, मटणात, चहात घालतात. माईंनी चहात टाकायचं सांगितलं ते वाचून मला तेच आठवलं.

मार्च-एप्रिलमध्ये इथे मोहर येतो तेव्हा अख्खं शहर त्या वासात बुडतं. त्या मोहराला इथले लोक आसाआर म्हणतात आणि फळाला नारान्हा. तो शब्द आपल्या नारंगाचाच, संस्कृतातून फारसी, अरबी करत इथवर आलेला. मी तेव्हा खिडकी उघडी ठेवून झोपते. परतवाड्याला फेब्रुवारीत बाबांच्या बगीच्यात हाच वास यायचा. आता तो बगीचा नाही.

विहीर_आटली

मी दुसरी बाजू सांगतो कारण कोणीतरी सांगायला हवी. आमचा बगीचा वरुड तालुक्यात होता. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आमच्या भागाला, पण पाणी किती खाली गेलंय ते इथे राहणाऱ्यालाच माहीत, उपसा इतका झाला की तालुका डार्क झोनमध्ये गेला. बोअर हजार फुटांवर नेलं तरी फुफाटा. दोन उन्हाळे टँकरनं झाडं जगवली, तिसऱ्या वर्षी मन घट्ट करून काढली. तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का, हा पहिला प्रश्न बाबांना विचारा. डिंक्यावर मलम आहे, कोरड्या विहिरीवर नाही.

लाकडाचं विचारलंत म्हणून सांगतो. आतून पिवळसर, जड, रेषा एकदम बारीक आणि घट्ट. नखं साफ करायच्या त्या ऑरेंजवुड काड्या मिळतात ना, त्या पूर्वी याच जातीच्या लाकडाच्या असायच्या म्हणून ते नाव. पण खोड जाडच होत नाही, फळ्या निघत नाहीत. आमच्या सुतारानं चांगलं सरळ बघून विळ्याच्या आणि कुदळीच्या मुठी केल्या, दहा वर्षं झाली एकही चिरली नाही. बाकी सगळं चुलीत गेलं. छान जळतं, पण तिकडे बघवत नव्हतं.

बांधावरची बारा झाडं ठेवली आहेत, घरच्या सांडपाण्यावर. त्यांना मधमाश्या येतात फुलोऱ्यात, एकाने पेट्या ठेवल्या होत्या आमच्याकडे. संत्र्याच्या फुलोऱ्याचा मध फिकट आणि सुगंधी असतो. तुम्हाला झाडं ठेवायची असतील तर फळ सोडून पहिलं जे खरोखर जमण्यासारखं आहे ते हे, कारण त्यासाठी झाडाला काहीच गमवावं लागत नाही, फक्त फुलोऱ्यात फवारणी थांबवावी लागते.

मोर्शीचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती. शनिवारी रात्रीची गाडी धरून गावाला आलोय, आता बगीच्यातूनच लिहितोय.

कास्तकारभाऊ, तुम्ही सांगितलं तसं खुरपं घेऊन बसलो. चार झाडांचा जोड मातीत अर्धा फूट खाली सापडला. बाबा आधी बांधावर उभे होते, मग खाली बसले आणि पाचव्या झाडाची माती त्यांनीच काढली, काही बोलले नाहीत. ३८ झाडांना डिंक आहे, त्यातली ११ पार गेलीत, ती काढायला बाबांइतकाच मी पण तयार आहे. बाकीची एका बाजूने. विहिरीचं विचारलं, मे महिन्यात दोन तास मोटर चालते एवढं पाणी असतं, म्हणजे तेवढं वाईट नाही.

माई, आईला विचारलं. ती म्हणाली विहिरीजवळच्या दोन ओळी तरी राहू दे, बाकीचं तुम्ही बापलेक बघा. तर आम्ही सध्या असं ठरवतोय की मेलेली काढायची, मोकळ्या जागेत तूर, आणि चांगल्या झाडांना एक बहार अजून द्यायचा. यंदाचा बारीक माल व्यापाऱ्याला द्यायचा नाही, पुण्यात माझ्या सोसायटीत आणि ऑफिसमध्ये पेट्या करून थेट विकून बघतो, बारीक असला तरी गोड आहे, मी आत्ताच चार खाल्ली. मधाच्या पेट्यांचं बाबांना पटलं, पण फुलोऱ्यात फवारणी पूर्णच थांबवायची का याची त्यांना धास्ती वाटतेय, सिला (रस शोषणारी कीड) आली तर काय करायचं?

कास्तकार_काटोल

११ वर सुटलं म्हणजे नशीब चांगलं आहे तुमचं.

सिल्याचं असं आहे, ते नव्या कोवळ्या फुटीवर येते. फुलोरा सुरू व्हायच्या आधी एकदा पाहणी करा, नवती दिसली आणि कीड असली तर फवारा कळी उमलायच्या आधीच घ्या. एकदा फूल उघडलं की रासायनिक काही मारू नका, निंबोळी अर्कही सूर्य मावळल्यावरच, माश्या पेटीत परत गेल्यावर. आणि पेटीवाल्याले आधी सांगून ठेवा बाजूच्या वावरात कोण काय फवारते ते, शेजाऱ्याच्या फवाऱ्यानं पण माश्या मरतात.

मोर्शीचा_पोरगा

समजलं. शेजारी काकांशी बाबा बोलतील. उद्या मोरचूद आणायला मोर्शीला जातोय, चुना कळीचाच लागतो की पानाच्या दुकानातला डबीतला चालतो?

कास्तकार_काटोल

कळीचाच, ताजा, दगडासारखा पाहून घ्या, भुकटी झालेला नको. मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर फडक्यात बांधून लटकवून ठेवा, चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये विझवून गाळून घ्या, थंड झाल्यावर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि लाकडी काठीनं ढवळा. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची बिलकुल नाही. झालं का पाहायले त्यात विळा बुडवा, पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना अजून टाका. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी लावून संपवा. ३८ आजारी झाडंच नाही, मेलेली ११ सोडून सगळीच्या सगळी, जुना कुंचला चालते.